उष्टा पाइप

मी तंबाखू ओढायचे पाइप बनवतो. हे बुऱ्हाणपुरात कुणाला सांगितलं की तो विचारतो, "किती इंची?" आमच्याकडे पाइप म्हणजे केळीच्या बागेत पाणी नेणारा. मग मी तोंडाशी मूठ नेऊन दाखवतो, तेव्हा तो म्हणतो, "अच्छा, चिलम! पहले बोलना था ना." पूर्वी मी समजावत बसायचो, की बाबा रे, चिलीम मातीची, हा लाकडाचा, आणि लाकूडही साधं नाही, समुद्रापलीकडून येतं. आता समजावत नाही. हो, चिलीम, म्हणतो आणि चालायला लागतो.

पुढचा प्रश्न ठरलेला. "मग तुम्हीपण ओढत असाल?" नाही. मी ओढत नाही, खात नाही, लग्नात कुणी पान पुढे केलं तर सुपारीसुद्धा परत करतो. कानाला खडा. परदेशातलं गिऱ्हाईक कधी फोनवर लिहून विचारतं, तुमचा स्वतःचा आवडता तंबाखू कोणता. त्याला मी नुसता हसरा चेहरा पाठवतो. त्याला वाटतं कारागीर गूढ आहे.

आम्ही खरादवाले. खराद म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र. आमचं इतकं जुनं आहे की ते चालू झालं की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यावर बाबांनी जन्मभर गावातल्या यंत्रमागांसाठी सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या कातल्या. बाबांच्या डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी कायम. त्यांच्याशी बोलायचं तर आधी ते थुंकेपर्यंत थांबावं लागे. त्यांचा पेला वेगळा होता. चूळ त्यातूनच आणि पाणीही त्यातूनच, त्यामुळे त्याच्या काठाला तपकिरी कड चढलेली. माय तो रोज घासायची. पुढे बाबांचं तोंड उघडेनासं झालं. इंदूरला नेलं, जबड्याचं ऑपरेशन केलं, घरी आणलं. मग माय त्याच पेल्यानं त्यांना पेज पाजायची, आणि एक दिवस पेजही नको झाली.

राजघाटावर अस्थी सोडल्या त्या दिवशी मायनं पदराच्या गाठीतून त्यांची चुन्याची डबी काढली आणि तीही तापीत टाकली. मग मला म्हणाली, "पान्यात हात घाल अन् बोल." मी हात घातला आणि बोललो, तंबाखू तोंडात घालणार नाही. तेव्हा वाटलं, चला, एवढंच तर आहे.

नंतर मागांना प्लॅस्टिकच्या कांड्या आल्या. मी लाटणी कातायला लागलो, पलंगाचे पाय, पोरांचे भोवरे. लाटण्यांचे फोटो फोनवर टाकत होतो. पुण्याच्या एका माणसानं ते बघून विचारलं, पाइप कराल का? करू की, म्हटलं. खरादवाल्यानं नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. बाभळीचा करून पाठवला. त्यानं पेटवला आणि कळवलं की तंबाखूच्या आधी पाइपच जळाला. माणूस भला होता. शिव्या द्यायच्या ऐवजी त्यानं मला माहिती दिली. याला ब्रायर नावाचं लाकूड लागतं. भूमध्य समुद्राकाठी एक झुडूप आहे, त्याच्या मुळाशी गाठ धरते, ती गाठ. तिकडचे लोक ती खणतात, उकळतात, वाळवतात आणि ठोकळे करून विकतात. हे लाकूड सहजासहजी जळत नाही, ओल पिऊन घेतं आणि हाताला चटका देत नाही. पहिले ठोकळे कुरिअरनं आले तेव्हा बायकोनं खोकं उघडून बघितलं आणि म्हणाली, "एवढे पैसे देऊन सरपण मागवलंत?"

तिचं अगदीच चूक नव्हतं. ब्रायरचा ठोकळा बाहेरून कितीही देखणा असो, आतलं काही सांगता येत नाही. निम्मं काम झाल्यावर मध्येच खड्डा निघतो, कधी त्या खड्ड्यात त्या मुलखातली वाळू निघते. असा ठोकळा आम्ही बंबात घालतो. त्यामुळे आमच्या घरी आंघोळीचं पाणी बऱ्याचदा परदेशी लाकडावर तापतं. जो ठोकळा निर्दोष निघतो, त्यात तंबाखूची वाटी कोरायची आणि धुराची नळी पाडायची. ही नळी वाटीच्या बरोबर तळाशी निघाली पाहिजे. केसभर वर निघाली की तळाचा तंबाखू ओला राहतो आणि ओढणाऱ्याच्या तोंडात गुडगुड होते. मग काळ्या कडक रबराची दांडी कानशीनं घासून दातात बसेल अशी करायची. शेवटी काच पेपर, बारीक, अजून बारीक, आणि मेणाची पॉलिश. सगळं जमलं तर लाकडातल्या उभ्या रेषा वर येतात. कापसाच्या शेतात नांगराची तासं दिसतात तशा, एकाला एक लागून.

एवढं करून मी पहिला चांगला पाइप घरात घेऊन गेलो, मायला दाखवायला. तिनं विचारलं, "हे कायचं?" मी खरं सांगितलं. फुलदाणी म्हणालो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मला अक्कल ऐन वेळी सुचत नाही.

"उंबऱ्याच्या आत आनायचं नाही," माय म्हणाली. हात पुढे केला नाही, बघितलं नाही, ओट्याकडे तोंड करून म्हणाली.

तो नियम झाला. माझी शेड परसात, घरापासून हाकेच्या अंतरावर. माय तिथं पाऊल टाकायची नाही. मी काम संपवून आलो की अंगातला सदरा परसातल्या दोरीवर काढायचा, नळाशी हात कोपरापर्यंत धुवायचे, मग आत. सुतकातून आल्यासारखं. मी वाद घातला. म्हटलं, "माय, माझ्या शेडमध्ये तंबाखूचा कण नाही. नुसतं लाकूड आहे."

"तुझ्या बापाची डबी बी नुसत्या पत्र्याची व्हती," माय म्हणाली.

घरात ऊन फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतं, आणि विकायच्या पाइपचा फोटो उन्हात काढावा लागतो. परसात मायच्या डोळ्यांसमोर मांडायचा धीर होत नाही, म्हणून मी पाइप पिशवीत घालून राजघाटावर जातो, पायरीवर मांडतो आणि फोटो काढतो. मागे तापी दिसते. परदेशातल्या लोकांना ते फार आवडतं. घाटावरच्या लोकांना आवडत नाही. कुणी म्हणतं, साधू-बाबा लोगों का सामान है. कुणी विचारतं, भैया, माल भी है क्या? एकदा एका म्हाताऱ्यानं पाया पडून आशीर्वाद मागितला. मी दिला. नाही तर तो हलत नव्हता.

आता मला काय पाहिजे होतं ते सांगून टाकतो, उगाच आढेवेढे नकोत. मायनं माझा एक पाइप हातात घेऊन बघावा, एवढंच. बाबा काही नवीन कातायचे, पलंगाचा पाय असो की पाळण्याचा दांडा, ते आधी मायच्या हातात द्यायचे. ती त्यावर अंगठा फिरवायची, डोळे दुसरीकडे ठेवून. कुठे खरखर लागली की म्हणायची, "इथं राहिलं." बाबा गालात गोळी ठेवून "हूं" म्हणायचे आणि परत खरादेवर जायचे. माझी लाटणीही त्या अंगठ्याखालून गेली. पाइप नाही गेले. कुठल्या कुठल्या देशातले लोक लिहितात, काय हात आहे तुमचा, काय सफाई आहे. मला त्याचं चांगलं वाटायचं आणि लगेच चीड यायची. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस आईनं बघितलं नाही म्हणून मनात फुरंगटून बसतो, हे सांगणार कुणाला? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी बघते ना." तिनं बघितलं, छान आहे म्हणाली, आणि कुकरची शिटी झाली म्हणून गेली.

गेल्या थंडीत इंदूरहून एक गृहस्थ आले. साठीचे, मराठी, इंदुरी वळणाचं गोड बोलणारे. त्यांचं पाइपचं दुकान. माझे पाइप दुकानात ठेवायचे त्यांच्या मनात होतं, पण फोनवर म्हणाले, "अहो, मी माल बघण्याआधी माणूस बघतो." मी म्हटलं, या. मायला सांगितलं, इंदूरहून पाहुणा येतोय. कशाचा धंदा करतो, हे तिनं विचारलं नाही. "जेवून जाईल का?" एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर तिनं भरताची वांगी आणवली.

आमच्या घरात गॅस आहे, पण मायचं भरीत गॅसवर होत नाही. त्याला पऱ्हाटीच लागते, कापसाची वाळलेली झाडं. ती परसात पेटवायची, वांगी आत घालायची आणि चिमटा घेऊन बसायचं. म्हणजे पाहुण्याला शेडमध्ये न्यायचं तर मायच्या समोरून न्यायचं. मी म्हटलं, आलिया भोगासी.

पाहुणे शेडमध्ये तास-दीड तास होते. प्रत्येक पाइपची वाटी टॉर्च लावून बघितली, नळीतून तार घातली, दांडी दातात धरून बघितली. शेवटी त्यांनी सगळ्यात चांगला पाइप उचलला, उभ्या रेषांचा, तळापासून काठापर्यंत एकही रेष न तुटलेला. असा ठोकळा क्वचित नशिबात येतो. म्हणाले, "हा ओढून बघतो. चालेल ना?"

नाही कसं म्हणणार? चालेल, म्हटलं.

"चला, बाहेर उन्हात बसू."

बाहेर म्हणजे परसात. परसात माय. मी काही बोलेपर्यंत गृहस्थ बाहेर पडलेसुद्धा. खाटेवर बसले, खिशातून पुडी काढली आणि तंबाखू भरायला लागले. बाबा गेल्यावर आमच्या हद्दीत पहिल्यांदा तंबाखू आला होता, आणि तो माझ्या हातच्या पाइपात जात होता. मी मायकडे बघितलं. तिनं वांगं उलटं केलं.

मग लायटर पेटेना. त्यातला गॅस संपला होता. गृहस्थ अंगठ्यानं चाक फिरवत राहिले. बायको धावत आत गेली आणि स्वयंपाकघरातला लायटर घेऊन आली, शेगडी पेटवायचा, ज्यातून नुसती टकटक ठिणगी पडते. गृहस्थांनी तोही लावून बघितला. टक, टक, टक. देवघरातल्या एकुलत्या काड्यापेटीतली शेवटची कोरडी काडी पऱ्हाटीला गेली होती, उरलेल्या सादळलेल्या निघाल्या. मी मनात म्हणत होतो, बरं झालं, राहू द्या आता, जेवायला बसू.

"थांबा भाऊ," माय म्हणाली.

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. चिमट्यानं राखेतून एक निखारा उचलला, बोटाच्या पेराएवढा, फुंकर मारून लाल केला, खाटेपाशी आली आणि पाइपच्या तोंडावर ठेवला. "ओढा," म्हणाली.

इथं दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे माझी माय आमच्या जुन्या गावी, तुकईथडजवळच्या खेड्यात, नवी नवरी होऊन आली, तेव्हा सासऱ्याच्या चिलमीवर रोज संध्याकाळी निखारा ठेवायचं काम तिचं होतं. पदर घेऊन, चिमट्यानं, मान खाली घालून. भरलेली चिलीम घेऊन घरात कुणी विस्तवावाचून बसलं तर घरधनिणीची अब्रू जाते, असं तिला शिकवलेलं. दुसरी गोष्ट, चिलीम मातीची असते. तिच्यावर निखारा ठेवला तर काही होत नाही. पाइपला काडी लावतात, तीसुद्धा वरून नुसती फिरवून, काठाला न लागू देता. काठ जळला की पाइप गेला. तासांसारख्या रेषांवर काळा डाग बसतो आणि तो लाकडाच्या आत उतरतो.

हे मला माहीत होतं. गृहस्थांना तर माझ्याहून जास्त माहीत होतं. निखारा ठेवला तसा मेणाचा चर्र आवाज आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग गृहस्थांनी मायकडे बघितलं. ती चिमटा धरून मान खाली घालून उभी होती, पेटलं की निखारा काढून घ्यायला. गृहस्थांनी ओढलं. धूर आला. माय म्हणाली, "बस का?" ते म्हणाले, "बस, काकू." तिनं निखारा उचलून परत राखेत टाकला आणि वांग्यापाशी जाऊन बसली.

काठावर बोराएवढा काळा डाग होता. मला ओरडावंसं वाटलं. गृहस्थांनी तो पाइप शेवटपर्यंत ओढला, डोळे मिटून, आणि संपल्यावर म्हणाले, "गुडगुड अजिबात नाही. मी सगळे नेतो." म्हणजे बाकीचे सगळे. हा डागाळलेला माझ्याकडेच राहायचा होता.

जेवणं परसातच झाली, तिथंच ऊन होतं. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरून कच्चं तेल. गृहस्थांनी राख झटकून पाइप ताटाशेजारी ठेवला आणि मायला म्हणाले की असं भरीत इंदुरात मिळत नाही. माय म्हणाली, "इंदुरात पऱ्हाटी कुठून येनार." मी खोकं भरून त्यांच्या गाडीत ठेवलं, रस्त्यापर्यंत सोडायला गेलो, तिथं त्यांना अजून अर्धा तास बोलायचं होतं. पाइपचा विषय त्यात नव्हता, त्यांच्या गुडघ्यांचा होता.

परत आलो तर खाट रिकामी, ताटं नाहीत, पाइपही नाही. मी खाटेखाली बघितलं, राखेत बघितलं, शेडमध्ये बघितलं. मग सदरा दोरीवर काढला, हात कोपरापर्यंत धुतले आणि आत गेलो. माय ओट्यापाशी चहा टाकत होती. भांड्यांच्या टोपलीत घासलेली भांडी पालथी घातलेली होती, आणि पाहुण्याचं ताट आणि माझी वाटी यांच्यामध्ये माझा पाइप पालथा होता. त्याची काळी दांडी काढून चमच्यांच्या डब्यात उभी केलेली. नारळाच्या शेंडीनं आणि राखेनं घासलेला. मेण गेलेलं, पॉलिश गेलेली, लाकूड फिकट पडलेलं आणि पाण्यानं त्याची रेष न् रेष उचललेली. पाइप पाण्यात घालू नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला लिहून पाठवतो.

"माय," मी म्हटलं, "हा आत कसा आला?"

"उष्टं व्हतं," माय म्हणाली. "पाहुन्याचं उष्टं काय बाहेर पडू देऊ?"

तिनं चहात साखर टाकली आणि ढवळत म्हणाली, "तंबाखू त्यानं आनली. आग म्या देल्ली. तुझं काय व्हतं त्याच्यात? मधलं लाकूड." मग म्हणाली, "तरी मले आवडत नाही. सांगून ठेवते."

"हो."

"ते काळं काही निघालं नाही. घासून घासून हात दुखले. तुझ्या बापाच्या पेल्याची कड अशीच. रोज वाटे, आज निघंल."

मी खिडकीकडे तोंड केलं. मागे भांड्यांचा आवाज झाला. वळून बघितलं तर मायनं पाइप टोपलीतून काढून हातात घेतला होता. चहा उतू जायला आलेला, तिचं लक्ष चहाकडे होतं, आणि अंगठा वाटीच्या गोलाईवरून सावकाश फिरत होता. काळ्या डागापाशी तो थांबला नाही. पुढे गेला, पाण्यानं जिथं रेषा उचलल्या होत्या तिथं थांबला.

"इथं खरखर लागते," ती म्हणाली. "इथं राहिलं."

"हो माय," मी म्हटलं. "राहिलं."